तिकोनी पाहुणा आणि आमचे जावई

आमचे जावई घरात कधी येतात ते कोणालाच कळत नाही. किल्ली फिरल्याचा आवाज नाही, दार लागल्याचा नाही, पायांचा तर नाहीच. मी ओट्याशी काहीतरी चिरत उभी असते, एकीकडे स्वतःशीच कोणाची तरी खरडपट्टी काढत असते, आणि वळून बघते तो खुर्चीत माणूस. आमचे हे गेल्यावर मी लेकीकडे राहायला आले, त्या पहिल्या वर्षात माझ्या हातून तीन कपबश्या फुटल्या. लेकीनं त्यावर उपाय काढला. नवऱ्याला काही सांगितलं नाही, मला स्टीलचा पेला आणून दिला.

जावयांचा तरी काय दोष? बावीस वर्षं ते ज्या यंत्रापाशी बसतात, त्या यंत्राला आवाज सोसत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप म्हणतात त्याला. हे नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले, म्हणून आता मी ते शेजारणीसमोर दिवसातून एकदा तरी वापरते. उंचीला कपाटापेक्षा उंच, अंगानं चांगलं जाडजूड, पण स्वभावानं अगदी नाजूक नवरीसारखं. बाजूच्या जिन्यावरून कोणी धाडधाड उतरलं की फोटो हलतो. लिफ्ट चालली की हलतो. तिथं फोटो काढायचं काम सुरू झालं की लिफ्टला कुलूप घालतात, आणि चौथ्या मजल्यावरचे मोठमोठे विद्वान हातात डबे घेऊन धापा टाकत जिना चढतात. ते कुलूप घालणारा माणूस म्हणजे आमचे जावई. शिक्षण बेताचं, हुद्दा टेक्निशियन, पण लिफ्टची चावी त्यांच्या खिशात.

एकदा तिथं घरच्यांना बोलावून सगळं दाखवायचा दिवस होता, तेव्हा मी गेले होते. जावयांनी मला एका कोपऱ्यात उभं केलं आणि हलू नका म्हणाले. मी हलले नाही. शिंकले. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. सगळं चित्र एका बाजूला फरपटल्यासारखं झालं होतं. म्हणाले, आई, ही तुमची शिंक. त्या फोटोची प्रत त्यांनी मला काढून दिली. माझे लग्नातले फोटो एका पुरात गेले, पण शिंकेचा फोटो आहे.

मी चौथीपर्यंत शिकलेली. तेव्हा पुढचं सगळं मला कळलं तेवढंच सांगते, आणि मला ते जावयांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मटार सोलता सोलता समजावलेलं आहे. जंतू म्हणजे केवढासा, आणि त्या जंतूच्या अंगावर जे अवजार असतं ते त्याच्याहून शेकडो पटींनी लहान. साध्या उजेडात ते दिसत नाही, कारण उजेडच त्या कामाला जाडा पडतो. बोटांनी खसखस मोजायला बसल्यासारखं ते. म्हणून उजेडाऐवजी विजेचे कण सोडायचे. पण ते कण हवेत चालत नाहीत, पाण्यात चालत नाहीत, त्यामुळे जे बघायचं ते आधी गोठवावं लागतं, तेही इतक्या झटकन की पाण्याला बर्फ व्हायलाही उसंत मिळू नये. पाणी आपलं काचेसारखं जिथल्या तिथं थिजतं.

हे गोठवणं म्हणजे जावयांची कला. तांब्याची एक जाळी असते, मसुरीच्या दाण्याएवढी. ती चिमट्यात धरायची, तिच्यावर थेंब टाकायचा, टिपकागदानं तो थेंब इतका टिपायचा की राहिला म्हणावं तर दिसत नाही आणि गेला म्हणावं तर गेलेला नाही, आणि मग भयंकर थंड द्रवात ती जाळी बुडवायची. या सगळ्या वेळात श्वास सोडायचा नाही. श्वासात वाफ असते, ती जाळीवर बसते, तिचे बर्फाचे खडे होतात आणि फोटोत गारपीट झाल्यासारखी दिसते. आता तोंडावर लावायला फडकी आली आहेत, पण जावयांना जुनी सवय. काहीही महत्त्वाचं आलं की ते श्वास धरतात. आमच्याकडे लेकीला मागणी घालायला आले तेव्हा आमच्या ह्यांनी साधं विचारलं, आपण काय करता? तर समोरचा माणूस लाल झाला, मग जांभळा झाला. हे पाणी आणायला धावले. लेक म्हणाली, काही नाही बाबा, त्यांना मागणी घालायचीय.

माझी लेक शाळेत कवायत शिकवते. गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की शिट्टीची गरज नाही. तिचं आणि त्यांचं जमलं कसं हे मला सुरुवातीला कोडं होतं. नंतर लक्षात आलं की घरात बोलण्याचा जेवढा साठा असतो तेवढा ती एकटी संपवते, आणि त्यांना ते सोयीचं पडतं. या गोष्टीआधी त्यांचं भांडण मी एकदाच पाहिलं होतं. लेकीनं त्यांचा कामाचा चिमटा घेऊन भुवया कोरल्या. तिथल्या लोकांत प्रत्येकाचा चिमटा वेगळा, दुसऱ्याच्या चिमट्याला कोणी हात लावत नाही, टोक केसभर वाकलं तर जाळी वाकते. जावयांनी तो चिमटा उजेडात धरला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, "याच्याऐवजी माझा दात उपटायचा होतास." बस, एवढंच. लेक तीन दिवस हळू आवाजात बोलत होती. शाळेतून विचारणा झाली की बाई आजारी आहेत का.

आता मुद्द्यावर येते.

जावई जिथं काम करतात तिथं एक मुलगी होती, कुरळी म्हणायचे तिला सगळे. डोक्यावर केस असे की तोंडावरचं फडकं बांधायला तिला दुसऱ्याची मदत लागायची. ती चार वर्षं एका जंतूच्या मागे लागली होती. पोट बिघडवणाऱ्या जंतूंपैकी ती एक जात. या जंतूकडे एक सुई असते. अगदी दवाखान्यातल्यासारखी, पोकळ. आपल्या अंगातल्या पेशीला ती टोचतो आणि आपलं विष आत सोडतो. त्या सुईचा फोटो जावयांनी मला दाखवला तेव्हा मी म्हटलं, हुबेहूब नर्सच्या हातातली की हो. ते म्हणाले, यांनी आधी केली, आपण नंतर.

सुई लोकांनी बघून झाली होती. कुरळीला हवं होतं ते सुईच्या बुडाशी असलेलं दार. विष जंतूच्या पोटातून त्या दारानं सुईत चढतं. दार कसं उघडतं हे कळलं तर ते कसं बंद करायचं हे पुढं कोणाला तरी कळेल, असा त्यात हिशोब. पण हे दार कोणी नीट बघितलेलं नव्हतं. कोणी म्हणे त्याला पाच पाकळ्या असतील, कोणी म्हणे नऊ. मोठ्या मॅडम, म्हणजे कुरळीच्या वरच्या, त्यांचं मत पहिल्यापासून तीन.

चार वर्षांत कुरळीच्या हाती काही लागलं नव्हतं. कधी बर्फाचे खडे, कधी नुसताच चोथा, कधी जाळीच रिकामी. मुलगी वाळत चालली होती. जावई घरी येऊन तिच्याबद्दल कधीतरी एखादं वाक्य बोलायचे, आणि त्यांचं एक वाक्य म्हणजे दुसऱ्याचं कीर्तन समजावं. तिची मुदत संपत आली होती. फार तर एक वर्ष उरलं होतं, त्यात दार दिसलं नाही तर पदवी नाही, चार वर्षं पाण्यात. आणि एक दिवस तिला दिसलं. एक नाही, हजारो. एकेक फोटो म्हणजे जुन्या टीव्हीवर चित्र गेलं की जशा मुंग्या दिसायच्या तसा. पण हजारो फोटो संगणकानं एकावर एक रचले की मुंग्या विरतात आणि खरी आकृती वर येते. वर आलं ते तिकोनी होतं. सुबक, तीन पाकळ्यांचं. मॅडमना तीन हव्या होत्या, तीनच आल्या.

कुरळीनं सगळ्या मजल्यांवर चॉकलेटं वाटली. जावयांना दोन दिली, कारण जाळ्या त्यांनी गोठवल्या होत्या. ती दोन्ही घरी आली आणि फ्रिजच्या दारात बसली. एक आठवडा झाला, दोन झाले, कोणी हात लावेना. मी चॉकलेटाच्या बाबतीत फार दिवस दम धरणारी बाई नाही. विचारलं, जावईबापू, ही कोणाची? म्हणाले, माझी नाहीत. आणि श्वास धरला.

तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

त्या सुट्टीच्या दिवशी लेक मुलांच्या शर्यती घ्यायला गेली होती. घरात आम्ही दोघं. मी मटाराची टोपली मध्ये ठेवली, कारण हात गुंतलेले असले की त्यांची जीभ जरा सुटते. पहिल्या पाव टोपलीला काही नाही. अर्ध्या टोपलीला म्हणाले, ते दार नाही. मी म्हटलं, कोणतं दार? मला वाटलं बाथरूमचं सांगतायत, ते खरंच नीट लागत नव्हतं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

जंतूला घोटून त्याचं सूप करतात, आणि त्यात हजार प्रकारच्या वस्तू असतात. त्यातून आपल्याला हवी ती एकच कशी काढणार? तर तिला आधीच एक शेपटी जोडून ठेवायची. मग ते सूप अशा मण्यांवरून ओतायचं की मणी फक्त ती शेपटी धरून ठेवतात, बाकी सगळं वाहून जातं. पण जंतूच्या अंगात एक पंप असतो, त्याला कोणी शेपटी जोडलेली नसते, तरी त्याच्या अंगावर उपजतच तसलं काहीतरी असतं. तो बेटा मण्यांना चिकटतो. कोणाच्याही लग्नाच्या फोटोत एखादा अनोळखी माणूस पहिल्या रांगेत हसत उभा असतो ना, मुलीकडचे समजतात मुलाकडचा, मुलाकडचे समजतात मुलीकडचा, तसा हा. आणि तो असतो तिकोनी.

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. ते उठले आणि आतून एक वही घेऊन आले. शाळकरी वही, रेघांची. त्यात पेन्सिलनं काढलेली चित्रं. चौदा वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या जाळ्यांवर जे जे न बोलावता आलं, ते सगळं त्यांनी काढून ठेवलं होतं. खाली तारीख, आणि ज्याचं सूप होतं त्याची खूण. फोटो घरी आणायची परवानगी नसते, पण डोक्यातून आणलेल्यावर कोण बंदी घालणार? त्या वहीत तिकोनी पाहुणा सात वेळा होता. सात वेगवेगळ्या लोकांच्या फोटोंत. प्रत्येक वेळी तो वेगळा काढून फेकला गेला, कारण त्या सात जणांना तीन पाकळ्या नको होत्या. कुरळीला आणि मॅडमना मात्र त्याच हव्या होत्या, मग फेकणार कोण?

मी विचारलं, हे तुम्हाला कधी लक्षात आलं?

म्हणाले, पहिल्याच दिवशी. पडद्यावर पहिला फोटो आला तेव्हाच वाटलं, हा आला. नंतर संगणकानं रचलं तेव्हा खात्री झाली.

त्याला पाच आठवडे झाले होते. आणि पुढं दोन आठवड्यांनी मॅडम आणि कुरळी विमानात बसून जगभरातल्या लोकांसमोर तो तिकोनी दाखवायला जाणार होत्या. मोठं भित्तिपत्रक छापून आलं होतं, त्यावर हा पाहुणा कुठल्या कुठं मोठा, निळ्या, हिरव्या आणि केशरी पाकळ्यांचा. तिथं शंभरातल्या दहा जणांनी तरी त्याला ओळखलं असतं. कुरळीची शोभा झाली असती, ती वेगळीच, आणि चार वर्षांचं काम फाडून टाकावं लागलं असतं.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, मला कोणी विचारलं नाही. मी फोटो काढतो, फोटोत काय आहे ते सांगायचं काम त्यांचं. आणि खोटं कशाला सांगू, म्हणाले, ती इतकी हसत होती.

मी त्यांना रागावणार होते. तोंड उघडलं आणि मिटलं, कारण माझं मलाच काहीतरी आठवलं.

लग्नाआधी मी शर्ट शिवायच्या कारखान्यात होते. माझं काम बाह्या मोजून गठ्ठे बांधायचं. एकदा कापणाऱ्यानं कापड चुकीचं अंथरलं, आणि तीनशे बाह्या कापल्या त्या सगळ्याच्या सगळ्या डाव्या. मी गठ्ठे बांधताना बघितलं. शंभरावी बाही हातात आली तेव्हा माझी खात्री झाली. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि कापणारा खेकसणारा माणूस होता. मी तीनशे डाव्या बाह्यांचे नीट वीस वीसचे गठ्ठे बांधले, गाठी पण छान मारल्या. पुढच्या मशीनवर एक फटीच्या दातांची मुलगी होती, ती कामावर नवी. तिनं भाबडेपणानं दोन्हीकडं डाव्या बाह्या जोडायला घेतल्या. चाळीस शर्ट झाल्यावर मुकादमाच्या लक्षात आलं. घालून बघितला तर शर्टातला माणूस सारखा उजवीकडं वळायला निघाल्यासारखा दिसत होता. सगळे हसले, मीसुद्धा. संध्याकाळी त्या मुलीला घरी पाठवलं, ती परत आली नाही. कापणारा तिथंच राहिला आणि मीही.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. जावयांना सांगितलं. ते मटार सोलायचे थांबले होते. शेवटी म्हटलं, "जावईबापू, मी गाठी छान मारल्या होत्या, म्हणून बाह्या काही उजव्या झाल्या नाहीत. तुमची जाळी कितीही छान गोठलेली असू दे."

त्यांनी बऱ्याच वेळानं श्वास सोडला. तेवढ्यात लेक आली, मटारांकडे बघितलं आणि विचारलं, अर्धी टोपली सोलायला दोघांना चार तास?

सोमवारी जावई वही घेऊन गेले. मला वाटलं होतं, निदान दोन वाक्यं पाठ करून जातील. नाही. कुरळीच्या टेबलावर तिच्या तिकोनीचा कागद होता, त्याच्या शेजारी त्यांनी वही उघडून ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. तिनं एकदा कागद बघितला, एकदा वही बघितली. पान उलटलं. आणखी एक उलटलं.

"काका, हे कोणाचं आहे?"

"सगळ्यांचं."

तिला आधी कळलं नाही, मग कळलं. खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? यांनी खरं ते सांगितलं, पहिल्या दिवसापासून. ती म्हणाली, मग चॉकलेट का घेतलंत? ती निघून गेली, आणि जिन्यावरून असे पाय आपटत उतरली की खाली यंत्रावर कोणाचातरी फोटो हलला.

संध्याकाळी जावयांनी हे सगळं आम्हाला शब्दाला शब्द सांगितलं. लेकीनं घर डोक्यावर घेतलं. म्हणाली, विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही? उद्या माझ्या पदराला आग लागली तर तुम्ही मला आधी अर्ज करायला लावणार का? मुलगी चार वर्षं मरमर मरतेय आणि तुम्ही वहीत चित्रं काढताय? तिचं सगळं खरं होतं, म्हणून कोणी मध्ये पडलं नाही. शेवटी ती दमली, त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाली, पण बोललात ते बरं केलंत.

आठ दिवस कुरळी त्यांच्याशी बोलली नाही. जाळ्या घेऊन यायची, ठेवायची, जायची. तोंडावरचं फडकं बांधायलाही दुसऱ्याकडे जायची. जावई घरी येऊन खुर्चीत बसायचे आणि मी कपबशी फोडायची थांबले होते, कारण ते आता उसासे टाकायचे, त्यावरून आलेले कळायचे.

नवव्या दिवशी दारावरची घंटा वाजली. कुरळी. जावई कामावरून यायचे होते. ही मुलगी मी प्रथमच बघत होते. केसांमुळं दारातच ओळखली. काकांना भेटायचंय म्हणाली. मी तिला टेबलाशी बसवलं, चहा दिला, स्टीलच्या पेल्यात, कारण कपबश्या जपूनच काढते. मग तिनं सांगितलं. तिनं आपलं थोडंसं सूप दुसऱ्या विभागात पाठवलं होतं. तिथं वस्तूचे बारीक तुकडे करून तुकड्यांचं वजन घेतात, आणि त्यावरून कोण कोण आहे त्याची नावं कळतात. म्हणाली, आजी, मला वाटत होतं काका चुकलेले निघावेत. नावं आली. दहा भागांतले नऊ भाग पाहुणा.

आणि दहावा? मी विचारलं.

तिनं पेला खाली ठेवला. दहावा माझा, म्हणाली. माझं दार त्यात आहे. नऊ जणांच्या मागे उभं आहे, म्हणून दिसलं नाही.

हे सांगताना ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही, बहुतेक तिलाही नाही. मी वळून बघितलं तर जावई दारात उभे. कधी आले देव जाणे. कुरळी म्हणाली, काका, मला मॅडमना सांगायचंय, तुम्ही बरोबर याल का? त्यांनी मान हलवली. बोलावंही लागेल, ती म्हणाली. त्यांनी मान हलवायची थांबवली. मग परत हलवली.

मॅडमच्या खोलीत जावई तोपर्यंत फक्त दिवा बदलायला गेले होते. मॅडमनी कुरळीचं ऐकून घेतलं, वही बघितली, सातही चित्रं. भिंतीला टेकवलेलं ते भलंमोठं पत्रक गुंडाळलं, त्याला रबर लावलं. मग जावयांना म्हणाल्या की बावीस वर्षं तुम्ही माझ्या खालच्या मजल्यावर बसता आणि ही वही मी आज बघतेय, यात चूक तुमची किती आणि माझी किती ते मला ठरवता येत नाही. पण येत्या सोमवारपासून आमच्या बैठकीला तुम्ही यायचं. नुसतं बसायचं नाही.

आमच्याकडे त्या बैठकीची तयारी परीक्षेसारखी व्हायची. लेक त्यांना रविवारी उभं करायची आणि म्हणायची, हं, छाती पुढं, आवाज पोटातून. पहिल्या तीन सोमवारी ते तिथं जाऊन जांभळे होऊन आले. चौथ्या सोमवारी एकाच्या फोटोबद्दल म्हणाले, ही धूळ आहे. तो मनुष्य त्यावर पेपर लिहायच्या बेतात होता. पुढच्या आठवड्यात दोघं जण आपणहून वही बघायला आले.

कुरळीला मॅडमनी सहा महिने वाढवून मिळवले. तिनं मुळापासून सुरू केलं. असा जंतू मिळतो म्हणे की ज्याच्यातून तो पंपच काढून टाकलेला असतो. पाहुण्याचा जन्मच होत नाही. पण मग तिचं दार इतकं कमी निघायचं की दहा घागरी जंतू घोटून अर्धा थेंब. जावई तो अर्धा थेंब गोठवत बसायचे. एका आठवड्यात बारा जाळ्या, त्यातल्या अकरा फुकट. दोघंही फार बोलत नसत. तिनं केस कापून टाकले, फडकं तिचं तिला बांधता यावं म्हणून. तरी सगळे तिला कुरळीच म्हणत राहिले.

सव्वा वर्षानं तिनं बैठकीत पडद्यावर चित्र लावलं. जावयांनी घरी येऊन सांगितलं तसं सांगते. चित्र धुरकट. पाकळ्या पाच आहेत हे कळत होतं, पण कडा पुसट, मध्ये जिथं दार उघडायचं तिथं नुसता ढग. तिकोनी पाहुणा होता त्याच्या नखाचीही सर नाही. पाच म्हणजे मॅडमचं मत चुकलेलं, त्यामुळे आधी त्यांनी बोलावं असं सगळ्यांना वाटत होतं, आणि मॅडम बघत होत्या जावयांकडे. कुरळीपण. ती म्हणाली, काका, तुम्ही सांगा.

जावई उठले, पडद्यापाशी गेले. वहीतली सगळी पानं मनातल्या मनात उलटली म्हणाले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. यातलं कोणीच नव्हतं.

"पुसट आहे," ते म्हणाले. "पण तुझंच आहे."

कुरळी खाली बसली. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पाच तर पाच म्हणाल्या. त्या पुसट दारावर तिला पदवी मिळाली; आता ती दुसरीकडे दुसऱ्या जंतूच्या मागे आहे, आणि तिथून जावयांना चित्रं पाठवून विचारते, काका, हा कोण?

जावयांना मात्र बोलायची गोडी लागली. ती त्यांनी घरी आणली. लेकीला सांगितलं की तिची शिट्टी दोन वर्षांपासून फुटकी आहे, वाजते ती नुसती फुंक. शेजारणीला सांगितलं की तिच्या नव्या दातांतला एक तिरका बसलाय. आणि परवा आम्ही पत्ते खेळत होतो, मी हुकूम टाकला, तर अगदी शांतपणे म्हणाले, आई, तो मघाशी तुमच्या मांडीखाली होता. मी म्हटलं, काहीतरीच काय. म्हणाले, अकरा वर्षं बघतोय. मी पत्ते खाली ठेवले आणि त्यांना विचारलं की अकरा वर्षं गप्प का बसलात? तर म्हणाले, तुम्ही इतक्या हसत होतात.

आम्ही अजून खेळतो. पण आता त्यांनी मला टेबलाच्या समोरच्या बाजूला, उजेडात बसवलंय.